विमानतळावरच्या स्कॅनरमुळे फोन, पेनड्राइव्ह किंवा कॅमेरा खराब होतो का?

आंबी, तळेगाव, वडगाव या पट्ट्यातून विमान पकडायचं म्हटलं की लोहगाव, मुंबई किंवा नवी मुंबई असे पर्याय असतात. आंबीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, बाजूला तळेगाव एमआयडीसी आहे. त्यामुळे सुट्टीला घरी जाणारी होस्टेलची मुलं, कामासाठी फिरणारे इंजिनिअर आणि मास्टर्स करायला परदेशी निघालेले विद्यार्थी इथून कायम जात असतात. बॅगेत लॅपटॉप, हार्ड डिस्क, कॅमेरा, इअरबड्स असं सगळं असतं. एखाद्याच्या बॅगेत आजोबांच्या आवाजाची जुनी कॅसेट असते, एखादीच्या गळ्यात इन्स्टॅक्स कॅमेरा असतो. मग बेल्टवर ट्रे ठेवताना प्रश्न पडतोच, की या एक्स-रेने आतला डेटा उडणार तर नाही ना?

थोडक्यात उत्तर

- फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी: काही होत नाही.
- हार्ड डिस्क, कॅसेट, एटीएम कार्ड: एक्स-रेने काही होत नाही.
- सीडी, डीव्हीडी: काही होत नाही.
- न धुतलेली फोटो फिल्म, इन्स्टॅक्सचे पॅक, डिस्पोजेबल कॅमेरा: हो, खराब होऊ शकते. नवीन सीटी स्कॅनरमध्ये धोका सगळ्यात जास्त.
- इन्सुलिन पंप, ग्लुकोज सेन्सर: कंपनीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय मशीनमध्ये घालू नका.

घाई असेल तर एवढं पुरे. पण कारण समजून घेतलं तर पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

विमानतळावर किती प्रकारची मशीन असतात?

आपण सगळ्यालाच 'स्कॅनर' म्हणतो. प्रत्यक्षात तिथे वेगवेगळ्या तत्त्वावर चालणारी मशीन असतात.

पहिलं, हँडबॅगचं एक्स-रे मशीन. ट्रे ज्या बोगद्यात जातो, ते. दुसरं, चेक-इन बॅगेचं मशीन. काउंटरवर दिलेली बॅग आत गेल्यावर तिची वेगळी तपासणी होते, आणि तिथले किरण हँडबॅगच्या मशीनपेक्षा बरेच जास्त तीव्र असू शकतात. तिसरी, आपण जिच्यातून चालत जातो ती दाराची चौकट. तो मेटल डिटेक्टर. त्यात एक्स-रे अजिबात नसतात, फक्त हलकं चुंबकीय क्षेत्र असतं. चौथी, जवानाच्या हातातली काठी. तीही मेटल डिटेक्टरच. पाचवा, बॉडी स्कॅनर. हात वर करून उभं राहायला लावतात तो. आजचे बॉडी स्कॅनर साधारणपणे मिलिमीटर लहरींवर चालतात. या रेडिओ लहरींच्या कुटुंबातल्या लहरी आहेत, एक्स-रे नव्हेत.

कधीकधी लॅपटॉपवरून किंवा बॅगेवरून कागदासारखी पट्टी फिरवून ती एका छोट्या मशीनमध्ये घालतात. ती स्फोटकांच्या कणांची तपासणी असते. तिचा डेटाशी काही संबंध नाही.

म्हणजे डेटाच्या दृष्टीने विचार करायचाय तो दोनच गोष्टींचा: एक्स-रे आणि चुंबक.

बोगद्यात नेमकं काय होतं?

एक्स-रे म्हणजे प्रकाशाचंच जास्त ऊर्जेचं भावंडं. मशीनमधली ट्यूब साधारण दीडशे किलोव्होल्टच्या आसपास चालते आणि किरणांचा एक पातळ पडदा तयार करते. बॅग त्या पडद्यातून सरकते. दुसऱ्या बाजूला किती किरण पोचले हे मोजून स्क्रीनवर चित्र उमटतं. कपडे, कागद, खाणं, प्लास्टिक नारिंगी दिसतं, धातू निळे दिसतात आणि मधल्या गोष्टी हिरव्या.

इथे एक गैरसमज दूर करू. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात, तो लॅपटॉप वाचावा म्हणून नाही. लॅपटॉपची बॅटरी आणि बोर्ड इतके दाट असतात की त्यांच्यामागे काय आहे ते स्क्रीनवर दिसत नाही. वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला की लॅपटॉपही नीट दिसतो आणि बॅगही. तो जातो मात्र त्याच किरणांमधून.

चिपमधला डेटा का उडत नाही?

फोनचं स्टोरेज, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी हे सगळे फ्लॅश मेमरीचे प्रकार. फ्लॅशमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात थोडे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात आणि भोवती इन्सुलेटरची भिंत असते. किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावरून ० की १ ते ठरतं. तुमचा सेल्फी म्हणजे शेवटी अडकलेले इलेक्ट्रॉनच.

एक्स-रेमुळे असा इलेक्ट्रॉन निसटू शकतो का? तत्त्वतः हो. उपग्रहांमध्ये वापरायच्या चिप याच कारणासाठी किरणांखाली तपासल्या जातात. पण प्रश्न मात्रेचा आहे. मिठाने जेवण खारट होतं, पण एक कण पडल्याने होत नाही.

आता हिशेब मांडू. वस्तूला किती किरण मिळाले हे ग्रे या एककात मोजतात. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेच्या माहितीनुसार अशा बॅग मशीनमधून एकदा गेलेल्या वस्तूला साधारण १० मायक्रोग्रे किंवा त्याहून कमी डोस मिळतो. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. आणि साध्या, बाजारात मिळणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये गडबड दिसायला लागते ती दहा ग्रे किंवा त्याच्या कित्येक पट डोसला.

१० ग्रे भागिले १० मायक्रोग्रे म्हणजे दहा लाख. तुमचा पेनड्राइव्ह दहा लाख वेळा बेल्टवरून फिरवला, तर तो त्या हद्दीजवळ जाईल. रोज दोनदा फिरवला तरी १,३०० पेक्षा जास्त वर्षं लागतील. तोवर यूएसबी पोर्ट कुठे असेल हा वेगळा प्रश्न.

अजून एक तुलना. जमीन, हवा, भिंती आणि आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन आपल्याला रोजच मिळतं. माणसासाठी त्याची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एक्स-रेसाठी ग्रे आणि सिव्हर्टचे आकडे सारखेच धरता येतात. म्हणजे एक स्कॅन हा घरात एक-दोन दिवस नुसतं बसून राहण्याइतका. शिवाय विमान १०-११ किलोमीटर उंचीवर गेलं की वैश्विक किरण वाढतात, तासाला काही मायक्रोसिव्हर्ट. पुणे-दिल्ली प्रवासातच त्यांचा डोस स्कॅनच्या पातळीला येतो. स्कॅनरची भीती वाटत असेल, तर विमानाचीही तेवढीच वाटायला हवी.

आणि कारखान्यातही हेच चालतं. बोर्डावरच्या चिपखालचं सोल्डरिंग डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ते एक्स-रेने तपासण्याची पद्धत आहे. कुरिअरने येणाऱ्या पार्सललाही वाटेत स्कॅनर लागतो. तुमच्या हातात येण्याआधीच बऱ्याच वस्तू यातून गेलेल्या असतात.

एखादा बिट कधीतरी चुकून उलटला तरी फ्लॅश मेमरीत चूक पकडून दुरुस्त करण्याची सोय असते. ती रोजच काम करत असते, आपल्याला कळतही नाही.

फोन चालू ठेवायचा की बंद? डेटाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

हार्ड डिस्क, कॅसेट आणि एटीएम कार्ड

इथे डेटा इलेक्ट्रॉन अडकवून नाही, तर चुंबकीय कणांच्या दिशेत लिहिलेला असतो. एक्स-रे हे चुंबक नाहीत, ते ही दिशा बदलत नाहीत. बेल्ट फिरवणाऱ्या मोटरच्या चुंबकाची शंका लोक काढतात, पण बेल्टवरच्या बॅगेपर्यंत तिचं जे क्षेत्र पोचतं ते अगदी किरकोळ.

चौकटीतलं आणि काठीतलं चुंबकीय क्षेत्रही हलकंच असतं. हार्ड डिस्कला त्याने काही होत नाही. जुनी कॅसेट किंवा व्हिडिओ टेप असेल, तर एक सोपा नियम पाळा: ती खिशात ठेवून चौकटीतून जाऊ नका, बॅगेत ठेवून एक्स-रेमधून जाऊ द्या. लोक नेमकं उलटं करतात. एक्स-रेला घाबरून कॅसेट खिशात घालतात.

अमेरिकेत किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकांकडे जुन्या रेकॉर्डिंग डिजिटल करायला पाठवायच्या असतील, तर स्कॅनरची काळजी सोडा. आपल्या मावळात कॅसेटचा खरा शत्रू वेगळा आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत कपाटातल्या टेपवर पांढरी बुरशी धरते, आणि ती बुरशी टेपवरचा थर खाते. आजोबांचा आवाज बेल्टवर जाणार नाही, कपाटात जाईल. आधी डिजिटल कॉपी करा, मग कॅसेट कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

एटीएम कार्डच्या मागची काळी पट्टीही चुंबकीय असते. तिला त्रास होतो तो पर्सच्या किंवा फोन कव्हरच्या चुंबकाने.

खरा अपवाद: फोटो फिल्म

विल्हेल्म रंटगेनने १८९५ मध्ये एक्स-रे शोधले आणि त्याच वर्षी पत्नीच्या हाताचा एक्स-रे घेतला, तो फोटोच्या काचेवर. म्हणजे फोटोचं रसायन पहिल्या दिवसापासून एक्स-रेला संवेदनशील आहे. दवाखान्यातली एक्स-रे फिल्म चालायची ती याचमुळे.

फिल्मवर चांदीच्या संयुगाचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात न दिसणारा बदल होतो आणि धुतल्यावर तो चित्र म्हणून उमटतो. स्फटिकाला प्रकाश आणि एक्स-रे यांतला फरक कळत नाही. एक्स-रेनेही तोच बदल होतो. परिणाम: फोटो धुरकट येतात, काळ्या भागात दाणे दिसतात, कधीकधी आडवे-तिरके पट्टे उमटतात. हे नुकसान प्रत्येक स्कॅनमध्ये साठत जातं आणि परत दुरुस्त होत नाही.

मेमरी कार्डात चूक दुरुस्त करणारी सोय असते. फिल्मला ती नाही. बॅकअपही नाही, कारण रोल एकच.

किती धोका आहे, हे दोन गोष्टींवर ठरतं.

पहिली, फिल्मचा आयएसओ आकडा. आकडा जितका मोठा, फिल्म तितकी संवेदनशील. हँडबॅगच्या जुन्या प्रकारच्या मशीनमध्ये १०० किंवा २०० आयएसओची फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा फरक दिसत नाही. ८०० आणि त्यापुढे सांभाळायला हवं. आणि इन्स्टॅक्सची फिल्म ८०० आयएसओचीच असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही डिस्पोजेबल कॅमेऱ्यांतही ८०० ची फिल्म असते.

दुसरी, मशीनचा प्रकार. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी, बॅगेचं चारही बाजूंनी त्रिमितीय चित्र काढणारी मशीन आता हँडबॅगसाठीही येत आहेत. अमेरिका आणि युरोपातल्या अनेक विमानतळांवर ती बसली आहेत. भारतातही मोठ्या विमानतळांवर ती आणायची असं नागरी विमान सुरक्षा ब्युरोचं, म्हणजे बीसीएएसचं धोरण आहे. यात वस्तूला किरण जास्त मिळतात. चिपसाठी तेही नगण्यच, पण फिल्मसाठी नाही. कोडॅकचा सल्ला स्पष्ट आहे: न धुतलेली फिल्म, आयएसओ कितीही असो, सीटी मशीनमध्ये घालू नका. एक स्कॅनही पुरेसा होऊ शकतो.

सीटी मशीन ओळखायची खूण: बोगदा मोठा आणि गोलसर दिसतो, आणि "लॅपटॉप बॅगेतच राहू द्या" असं सांगतात. प्रवाशाला हे सोयीचं वाटतं. फिल्मवाल्याने मात्र इथेच थांबायचं.

चेक-इन बॅगेत फिल्म कधीच नको. तिथे तुम्ही विचारायलाही हजर नसता.

एकदा धुतली की फिल्म सुरक्षित. निगेटिव्ह, स्लाइड, छापलेले फोटो, बाहेर आलेला इन्स्टॅक्सचा फोटो, यांना एक्स-रे काही करत नाहीत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथली जुनी रिळं याच प्रकारात येतात. त्यांची भीती एक्स-रेची नाही, उष्णता आणि दमटपणाची. जुनी नायट्रेट फिल्म तर सहज पेट घेते, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा रिळांना आग लागून मोठं नुकसान झालं.

फिल्म वाचवायची कशी?

1. फिल्म डब्यांमधून आणि खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवीत, हँडबॅगमध्ये सगळ्यात वर ठेवा.
2. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचा. गर्दीत विनंती ऐकायला कोणाला वेळ नसतो.
3. ट्रे बेल्टवर जाण्याआधी बोला, नंतर नाही. आपल्याकडे तपासणीला बहुतेक ठिकाणी सीआयएसएफचे जवान असतात आणि ते देशभरातून आलेले असतात, त्यामुळे हिंदीत सांगितलेलं बरं: "सर, ये कैमरे की फिल्म है, एक्स-रे से खराब हो जाएगी, हाथ से चेक कर दीजिए।"
4. हाताने तपासायचं की नाही, हा निर्णय त्यांचा. नाही म्हणाले तर वाद घालू नका. पर्याय असेल तर जुन्या प्रकारच्या मशीनची रांग विचारा.
5. शिशाच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. स्क्रीनवर काळा ठिपका दिसला की बॅग उघडायला लावतात किंवा परत फिरवतात.
6. शक्य असेल तर परतीच्या आधी तिथेच रोल धुऊन घ्या. प्रश्नच मिटला.

शरीरावरची उपकरणं

इथे डेटापेक्षा जास्त काही पणाला लागलेलं असतं, म्हणून वेगळं लिहितोय.

काही इन्सुलिन पंप आणि ग्लुकोज सेन्सर एक्स-रे मशीनमध्ये घालू नयेत, बॉडी स्कॅनरमधूनही नेऊ नयेत, असं त्यांच्या कंपन्याच सांगतात. मॉडेलनुसार सूचना बदलतात. घरात कोणाला असं उपकरण असेल, तर निघण्याआधी माहितीपत्रक वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि हाताने तपासणी मागा. सोबतचे जादा पंप आणि सेन्सरही विसरू नका.

पेसमेकर असलेल्यांनी कार्ड आधी दाखवावं. चौकटीतून नेहमीच्या चालीने जाण्यात सहसा अडचण नसते, तिथे रेंगाळू नये. काठी छातीवर धरून ठेवू नका, असं जवानाला सांगावं.

मग प्रवासानंतर वस्तू बिघडते कशाने?

"विमानातून आलो आणि पेनड्राइव्ह चालेना." असं म्हणणारे खोटं बोलत नसतात, पण कारण स्कॅनर नसतं. प्रवासात घाईत इजेक्ट न करता पेनड्राइव्ह ओढला जातो. चेक-इन बॅग आपटते आणि हार्ड डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीला दणका बसतो. ट्रेमध्ये फोन आणि किल्ल्या एकत्र टाकल्या की स्क्रीनवर चरे पडतात. जड बॅगेखाली लॅपटॉप दबतो. आणि सगळ्यात साधं कारण: इअरबड्स किंवा घड्याळ ट्रेमध्येच राहून जातं.

याच यादीत पॉवर बँक. ती स्कॅनरने बिघडत नाही, पण चेक-इन बॅगेत चालत नाही. लिथियम बॅटरीने सामानाच्या कप्प्यात पेट घेतला तर तिथे कोणी पोचू शकत नाही, म्हणून ती हँडबॅगमध्येच हवी. मर्यादा १०० वॉट-अवर. हिशेब सोपा: एमएएच गुणिले ३.७ भागिले १,००० (३.७ हा बॅटरीचा व्होल्टेज). १०,००० एमएएच म्हणजे ३७, २०,००० म्हणजे ७४, ३०,००० म्हणजे १११. १०० ते १६० च्या मधली असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. आकडा पुसला गेला असेल, तर जवान ती ठेवून घेऊ शकतात.

निघण्याआधी एवढं करा

- जी फाइल एकाच ठिकाणी आहे, तिची आजच दुसरी कॉपी करा. एक क्लाउडवर, एक घरी.
- मूळ डिस्क हँडबॅगमध्ये आणि कॉपी दुसऱ्या बॅगेत. दोन्ही एकाच बॅगेत ठेवल्या तर बॅग हरवली की दोन्ही गेल्या.
- मेमरी कार्ड छोट्या डबीत ठेवा, सुटं टाकू नका.
- ट्रेमध्ये किती वस्तू ठेवल्या ते मोजा. पलीकडे तेवढ्याच उचला.
- फिल्म आणि वैद्यकीय उपकरणं वेगळी काढून ठेवा.

मेट्रो स्टेशनवर, मॉलमध्ये किंवा मंदिराबाहेर असलेल्या बॅग स्कॅनरलाही हाच हिशेब लागू पडतो. फोन आणि लॅपटॉप निर्धास्तपणे जाऊ द्या. रोल भरलेला कॅमेरा असेल, तर हातात काढून दाखवा.